मोजणीच्या वेळेची मोजणी

घर, गोदाम किंवा एखादा जुना वाडा विकण्यापूर्वी अथवा त्याची दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी लेसर स्कॅनरने त्याची मोजणी करावी आणि तिच्या आधारे संगणकावर त्या वास्तूची त्रिमितीय प्रतिकृती सिद्ध करावी, हा व्यवसाय आता आपल्याकडील शहरांतूनही रुजू लागला आहे. या व्यवसायातील विसंगती अशी की, ज्या यंत्राचे सारे सामर्थ्य कालमापनाच्या अचाट सूक्ष्मतेत साठविलेले आहे, ते यंत्र खांद्यावर घेऊन साइटवर गेलेल्या माणसाला आपली स्वतःची दुपार कोणकोणत्या बाबींत खर्ची पडली, हे मात्र सहसा सांगता येत नाही. आणि ते सांगता येत नसल्यामुळे पुढील कामाची आकारणी तो केवळ अदमासाने करतो.

प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात, सुमारे 30 सेंटिमीटर अंतर कापतो. त्यामुळे तीन मीटर दूर असलेल्या भिंतीवर आदळून परतणाऱ्या किरणास 20 नॅनोसेकंद लागतात, आणि त्या भिंतीच्या अंतरातील एका मिलिमीटरचा फरक ओळखावयाचा तर काळाचा फरक जेमतेम पावणेसात पिकोसेकंदांचा, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सातपट इतकाही नसतो. काही स्कॅनर हा काळ प्रत्यक्ष मोजतात, तर काही गेलेल्या व परतलेल्या प्रकाशलहरींच्या कलेतील अंतरावरून तो काढतात. परंतु दोहोंचे फलित एकच, की फिरत्या आरशाच्या साहाय्याने सेकंदाला लक्षावधी बिंदूंची स्थाने दप्तरी दाखल होतात.

असे असूनही एका जागेवरून सगळे घर मोजले जात नाही, कारण प्रकाशकिरण सरळ रेषेत जातो आणि कपाटाआड, खांबामागे किंवा दाराच्या पलीकडे काय आहे, याची वार्ता त्यास नसते. म्हणून तिपाई उचलून दुसऱ्या ठिकाणी मांडावी लागते, आणि दोन ठिकाणांच्या बिंदुसमूहांचा सांधा नीट जुळावा यासाठी दोहोंस दिसणारा भाग पुरेसा सामाईक ठेवावा लागतो. यंत्र सभोवार पाहते, तेव्हा चालकाला दर खेपेस शेजारच्या खोलीत दडावे लागते. घरातील दारे जशी उघडी वा मिटलेली असतील तशीच अखेरपर्यंत राहतील याकडे लक्ष द्यावे लागते. आणि आरशात उमटलेली खोटी खोली नकाशात शिरू नये म्हणून आरशावर चादर घालावी लागते. हजार चौरस फुटांच्या मोकळ्या हॉलला चारपाच ठिकाणे पुरतील, पण तेवढ्याच क्षेत्रफळाच्या, बोळ, माळा आणि न्हाणीघरे असलेल्या जुन्या बिऱ्हाडाला वीसपंचवीसही लागतील. कामाचा वेळ क्षेत्रफळावर ठरत नसून आडोशांच्या संख्येवर ठरतो, हे यातले मर्म आहे.

यंत्र वेगवान झाले की काम त्याच प्रमाणात लवकर उरकेल, हाही एक भ्रम होय. लायका कंपनीच्या बीएलके360 या स्कॅनरची 2016 सालची आवृत्ती एका ठिकाणच्या मोजणीस छायाचित्रांसह सुमारे तीन मिनिटे घेत असे. पुढील आवृत्तीत नुसती बिंदूंची मोजणी 20 सेकंदांत आटोपते, म्हणजे छायाचित्रे न घेतल्यास दर ठिकाणचा यंत्राचा वेळ नवव्या भागावर येतो. आता समजा, एका घराला 25 ठिकाणे लागली आणि एकूण मुक्काम तीन तासांचा झाला. जुन्या यंत्राने त्यातील 75 मिनिटे खाल्ली. नवे यंत्र सव्वाआठ मिनिटे खाईल, परंतु उरलेली 105 मिनिटे तशीच राहतील. एकूण काम 180 मिनिटांवरून साधारण 113 मिनिटांवर येईल, म्हणजे यंत्र नऊपट चपळ झाले तरी काम जेमतेम दीडपटीहून किंचित अधिक चपळ होईल. कामाचा एकच भाग वेगवान केला तर एकूण लाभ न बदललेल्या भागाने मर्यादित होतो, हा जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने 1967 साली संगणकांविषयी मांडलेला नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. पंगतीत वाढपी कितीही चलाख असला तरी पाने मांडण्याचा वेळ त्याच्या चलाखीने कमी होत नाही.

ती 105 मिनिटे कोठे जातात, हे शोधण्याची रीत नवी नाही. अमेरिकेतील फ्रँक गिलब्रेथ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विटा रचणाऱ्या गवंड्याच्या हालचाली एकेक करून टिपल्या, दर विटेमागे वाकणे टाळणारी परांची तयार केली, आणि अठरा हालचाली पाचांवर आणल्या. साइटवरील वेळही असाच बाबवार लिहावयास हवा: किल्लीची व मालकाची वाट पाहणे, सामान बाजूस सारणे, तिपाई हलविणे, प्रत्यक्ष स्कॅन, तपासणी आणि आवराआवर. यातील बरेचसे काम यंत्रच करून ठेवते, कारण प्रत्येक स्कॅनसोबत त्याची घटिका नोंदलेली असते; लागोपाठच्या दोन नोंदींमधील अंतरातून स्कॅनचा वेळ वजा केला की तिपाई हलविण्यास लागलेला वेळ हाती येतो. पोहोचण्याच्या व निघण्याच्या मोबाइलवरील वेळांशी या नोंदी जुळाव्यात म्हणून आधीच यंत्राचे व मोबाइलचे घड्याळ मात्र जुळवून घ्यावे.

मोबाइल साइटजवळ पोहोचताच आपोआप लागणाऱ्या हजेरीवर सर्वस्वी विसंबणे इष्ट नव्हे. उपग्रहांचे संकेत हजारो किलोमीटर प्रवास करून क्षीण झालेले असतात आणि काँक्रीटच्या इमारतीत ते आणखी दुबळे होतात. म्हणून साइटभोवती आखलेले अदृश्य वर्तुळ सहसा शंभर-दीडशे मीटर त्रिज्येचे ठेवले जाते. परिणामी समोरच्या अमृततुल्यात घेतलेला चहाही हजेरीपत्रकावर काम म्हणून रुजू होतो. अशी हजेरी माणूस आल्यागेल्याची साक्ष देते; काम कसे झाले याची देत नाही.

तेव्हा या व्यवसायात असणाऱ्यांनी दर कामानंतर दोनच आकडे रोजनाम्यात टिपावेत: मोजणीची ठिकाणे किती झाली, आणि पहिल्या स्कॅनपूर्वीचा व शेवटच्या स्कॅननंतरचा मिळून किती वेळ गेला. काही कामांत हा हिशेब स्थिरावला की पुढील आकारणी हा आधीचा-नंतरचा ठरीव वेळ अधिक ठिकाणांच्या संख्येस यंत्राच्या नोंदींवरून निघणाऱ्या दर ठिकाणच्या वेळेने गुणून आलेला वेळ, या साध्या सूत्रावर करता येईल. आणि गिऱ्हाइकाने दूरध्वनीवर क्षेत्रफळ सांगितले, तर त्यास आधी खोल्या किती आणि दारे किती, हे विचारावे.