कोंबडा की कोंबडी? : करवंदाच्या जाळीतील ठेवा

एप्रिल-मे महिन्यांत एस.टी. स्टँडवर आणि घाटाच्या वळणांवर 'डोंगरची काळी मैना' अशी हाक ऐकू येऊ लागते. पानांच्या द्रोणांतून विकल्या जाणाऱ्या या करवंदांचा मुलांचा एक जुना खेळ आहे. करवंद अर्धे चावायचे. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी. फळ किती पिकले आहे यावर हा रंग थोडाफार अवलंबून असतो हे खरे, परंतु सारखीच पिकलेली फळे घेतली तरी जाळीजाळीत फरक राहतोच. एक जाळी साखरेसारखी, तर शेजारचीच दात आंबवणारी, हे गुराख्याच्या पोरांना पाठ असते.

शास्त्रज्ञ यालाच जनुकीय विविधता म्हणतात. रानातली करवंद बीपासून वाढते. कीटक एका जाळीचे पराग दुसऱ्या जाळीवर नेतात, बुलबुलासारखे पक्षी फळे खाऊन बिया दूरवर टाकतात. त्यामुळे प्रत्येक रोपाच्या वाट्याला जनुकांचा वेगळा संच येतो. रंग आणि चव आपल्याला कळते. पाण्याचा ताण सोसण्याची किंवा रोगाशी झुंजण्याची ताकद डोळ्यांना दिसत नाही, पण तीही अशीच कमीजास्त असते.

आरोग्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? करवंदात क जीवनसत्त्व, लोह, पेक्टिन आणि चोथा असतो. गडद रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. परंतु आहाराच्या पुस्तकांतील आकडे हे काही नमुन्यांवरून काढलेले असतात. तुमच्या द्रोणातील करवंदांना ते तंतोतंत लागू पडतीलच असे नाही. म्हणून 'करवंदे खा, रक्त वाढेल' या सल्ल्यावर विसंबू नये. वनस्पतीतील लोह शरीरात कमीच शोषले जाते; क जीवनसत्त्वाने त्याला हातभार लागतो एवढेच. थकवा, धाप, फिकेपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. करवंदे आवडीने खावीत, औषध म्हणून नव्हे.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळांची जात दिली आहे. बागायतदाराला ती सोयीची. पण अशी जात निवडता येते ती मुळात रानात नाना तऱ्हा असतात म्हणूनच. कलमे सगळी एकसारखी. एकाला रोग लागला तर सगळ्यांना लागण्याची भीती. आयर्लंडमध्ये 1845 साली बटाट्यावर करपा आला, तेव्हा बहुतेक शेतांत जवळजवळ एकाच जातीचा बटाटा होता. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली.

त्यात करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही, ताजेच पेरावे लागते. धान्यासारखे डब्यात भरून ठेवण्याची सोय नाही. म्हणजे या विविधतेचे कोठार डोंगर हेच. वणव्यात, सरपणासाठी किंवा प्लॉट पाडताना बुलडोझरखाली जाळी गेली, की तिच्यातला संच पुन्हा जसाच्या तसा मिळत नाही.

जाता जाता एक गोष्ट. केकवर किंवा पानात मिळणारी लालभडक 'चेरी' पुष्कळदा करवंदच असते. मूळ रंग घालवून, पाकात मुरवून, वरून कृत्रिम रंग दिलेले. त्यापेक्षा द्रोणातले काळे करवंद केव्हाही बरे. मात्र ते धुऊन आणि पूर्ण पिकलेले खावे. कच्च्याचा चीक ओठांना चिकटतो, घसा खवखवतो. कच्ची करवंदे लोणच्यालाच ठीक. आम्लपित्त असणाऱ्यांनी बेताने खावीत.

परसात किंवा बांधावर काटेरी कुंपण करायचे असेल त्यांनी एकाच जाळीऐवजी चार-पाच वेगवेगळ्या जाळ्यांची पिकलेली फळे आणावीत आणि बिया धुऊन लगेच पिशव्यांत पेराव्यात. पावसाळ्यात रोपांना पाणीही घालावे लागत नाही.