सौम्य चिरुटाची पारख

राजुऱ्याहून आसिफाबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वांकिडी हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ पासून ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. मराठी व तेलुगू येथे शेजारशेजारी नांदतात. उन्हाळ्यात भोवतालच्या रानांत तेंदूपानांची तोडणी चालते. तेलुगूत या पानास तुनिकाकु म्हणतात. पारख मात्र दोन्ही भाषांत एकच. पान लवचिक हवे, शिरा बारीक हव्यात, वळताना ते फाटता कामा नये. हे ज्याच्या बोटांना कळते, त्याला चिरुटाची निम्मी परीक्षा आधीच साधलेली असते.

विडीचे पान एका झाडाचे व आतील जर्दा दुसऱ्याचा. चिरुटात वेष्टनही तंबाखूचेच, आणि म्हणूनच चवीत त्याचा वाटा मोठा. तेलुगूत यालाच चुट्टा म्हणतात. तमिळ ‘सुरुट्टु’वरून इंग्रजांनी नाव उचलले, तेच मराठीत चिरूट झाले.

उंची चिरूट प्रथम हातांनी पाहावयाचा. वेष्टनावर किंचित तेलकट तकाकी असावी. दाबून पाहता कोठे पोकळ लागला, तर तेथे तो भरभर व गरम जळणार. कोठे गाठ लागली, तर धूर अडणार. टोक कापल्यावर न पेटवताच एक झुरका घ्यावा; तंबाखूचा मूळ वास तेव्हाच कळतो. काडीवरचे गंधक जळून गेल्याशिवाय ज्योत जवळ नेऊ नये.

धूर छातीत घ्यावयाचा नसतो. तो तोंडात घोळवून, थोडा नाकावाटे सोडला म्हणजे वाळल्या गवताचा, सायीचा, भाजलेल्या काजूचा भास होतो. मिनिटास एक झुरका पुरे. घाई केली की कडवटपणा आलाच. झाडाच्या खालच्या पानांत जोर कमी असतो. सौम्य चिरुटात त्यांचे प्रमाण अधिक. पाने नीट मुरली नसतील, तर अमोनियाचा उग्र दर्प नाकात शिरतो. कडक चिरुटात असे दोष दडून जातात, सौम्यात दडत नाहीत. म्हणून चांगला सौम्य चिरूट वळणे अधिक अवघड मानावे लागते. राखही सांगते: ती घट्ट राहावी, जळती कड सरळ असावी. शेवटचा तिसरा हिस्सा सौम्य चिरुटातही तिखट होतो, कारण पुढील धुरातील निकोटीन व डांबर तेथे साचत आलेले असते.

परंतु ‘सौम्य’ हा शब्द चवीपुरताच खरा. चिरुटाचा धूर क्षारधर्मी असल्याने निकोटीन तोंडाच्या त्वचेतूनच रक्तात उतरते. धूर न गिळणाराही सुटत नाही, आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका चवीप्रमाणे कमीजास्त होत नाही. आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल विशेषतः स्त्रियांत आढळते. टाळूच्या कर्करोगाशी तिचा संबंध वैद्यकाने निश्चित केलेला आहे.