विश्लेषण : दुःखावरचा विनोद कुणाला भावतो, कुणाला खुपतो?

रिकी जर्व्हेस यांची ‘आफ्टर लाइफ’ ही मालिका २०१९ ते २०२२ या काळात नेटफ्लिक्सवर ३ पर्वांत आली. कर्करोगाने पत्नी गेलेला पत्रकार टोनी जगण्यावरच रुसतो, भेटेल त्याला फटकारतो.

प्रतिक्रिया संमिश्र का?

जोडीदार गमावलेल्या अनेकांना टोनीची चिडचिड आपलीच वाटली. काहींना शिवराळ भाषा आणि दफनभूमीतील बाकावरचे उपदेशवजा संवाद खटकले.

मराठीत असे उदाहरण आहे?

राजेश मापुसकर यांचा ‘व्हेंटिलेटर’ (२०१६). गणपती तोंडावर असताना घरातील ज्येष्ठ रुग्णालयात अत्यवस्थ होतात आणि कोकणातून आलेल्या नातेवाईकांना सणाची चिंता लागते. चित्रपटाला दिग्दर्शनासह ३ राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

मग फरक कुठे?

आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. ‘व्हेंटिलेटर’मधील नातेवाइकांच्या गर्दीवरचे हसू त्यामुळे ओळखीचे वाटते. टोनीची गोष्ट पाहुणे गेल्यानंतरच्या रिकाम्या घराची आहे. तिथे शोक करणाराच बोचरे बोलतो आणि त्याला आवरायला कुणी नसते. ते घर अनुभवलेल्याला हा विनोद आधार देऊ शकतो. दुःख ताजे असलेल्याला तोच जिव्हारी लागू शकतो.