गाडीचे ऑइल : शोरूमवर भरवसा ठेवावा काय?

व्यापाऱ्याच्या दारात मोटार उभी असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मालेगावचा कापडवाला सुरतेला जातो, भिवंडीचा यंत्रमागवाला मुंबईला जातो, आठवडी बाजार करणारा तालुक्याची गावे फिरतो, ते स्वतःच्या गाडीनेच. गाडी घेताना आपण चार ठिकाणी भाव काढतो, घासाघीस करतो. पण एकदा गाडी दारात आली की तिच्या देखभालीचा हिशेब फारच थोडे लोक ठेवतात. शोरूमवाल्याने जे बिल पुढे केले ते मुकाट्याने भरायचे, नाहीतर मोहल्ल्यातील मिस्त्री सांगेल ते ऑइल ओतायचे, अशी आपली रीत आहे. दुकानात आपण एक-एक मीटरचा हिशेब करतो, आणि गाडीच्या बाबतीत मात्र डोळे मिटून घेतो.

म्हणूनच पुष्कळ व्यापारी बांधव विचारतात की, ऑइल बदलण्यासारख्या साध्या कामासाठी गाडी कंपनीच्या शोरूमला द्यावी की आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. गाडी किती जुनी आहे, तिचे इंजिन कोणते आहे आणि काम करणारा कोण आहे, यावर ते अवलंबून आहे.

काम साधे, पण नुकसान मोठे

इंजिनातील ऑइल चार कामे करते. फिरणाऱ्या भागांमध्ये थर धरून घासण थांबवते, उष्णता वाहून नेते, काजळी आणि कचरा धुऊन फिल्टरपर्यंत पोहोचवते आणि पिस्टनभोवतीची फट भरून दाब टिकवते. ऑइल जुने झाले की ही चारही कामे ढिली पडतात. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३ ते ३.५ लिटर ऑइल लागते. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे असते. चेंबरचा नट खोलायचा, जुने ऑइल पूर्ण गळू द्यायचे, फिल्टर बदलायचा, नवा वायसर घालून नट बसवायचा, मापाने ऑइल भरायचे आणि पातळी तपासायची.

एवढ्या साध्या कामातही तीन-चार चुका हमखास होतात. नट जास्त आवळला तर अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. कमी आवळला तर ऑइल गळत राहते आणि रस्त्यात इंजिन जाम होते. ऑइल जास्त भरले तर त्याला फेस येतो आणि सील गळू लागतात. चुकीच्या दर्जाचे ऑइल घातले तर त्याचे नुकसान आज दिसत नाही, वर्ष-दोन वर्षांनी दिसते. शोरूममध्ये असे होत नाही असे समजू नये. तेथेही ऑइल बदलण्याचे काम बहुतेक वेळा शिकाऊ मुलांकडेच असते, कारण ते सोपे समजले जाते. महिनाअखेरीला आणि सुटीच्या दिवशी तेथे गाड्यांची रांग लागते. अशा घाईत काम नीट होईल, ही अपेक्षा कशी करावी?

शोरूमची कमाई कोठे आहे?

व्यापारी माणसाने प्रथम समोरच्याचा धंदा समजून घ्यावा. नव्या गाडीच्या विक्रीत डीलरला सुटणारा नफा थोडा असतो. त्याची खरी कमाई विमा, जादा साहित्य आणि वर्कशॉप यांतून होते. आपल्यासमोर कागद घेऊन उभा राहणारा सर्व्हिस अॅडव्हायझर हा पुष्कळदा मिस्त्री नसतो, विक्रेता असतो. दर महिन्याला किती जादा कामे विकायची याचे उद्दिष्ट त्याला दिलेले असते. म्हणून साध्या ऑइलच्या कामाला आलेल्या गाडीवर इंजिन फ्लश, ऑइलमध्ये घालण्याचे औषध, थ्रॉटल साफ करणे, एसीचा वास घालवणे, खालून कोटिंग करणे, अशी यादी चढते. यातील एखादे काम कधीतरी खरोखर लागते. पण ते केव्हा लागते हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिकेत नसलेले काम कोणी सुचवले तर, "कशासाठी? काय बिघाड दिसला?" एवढे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर समाधानकारक नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. नकार देण्यात कमीपणा नाही.

'फ्री सर्व्हिस' या शब्दाचाही अर्थ समजून घ्यावा. फुकट असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर आणि वायसर यांचे पैसे पडतातच. पहिल्या हजार किलोमीटरच्या सर्व्हिसला बऱ्याच गाड्यांचे ऑइल बदलायचेच नसते, फक्त तपासणी असते.

मापाची गोष्टही महत्त्वाची आहे. माझ्या गाडीच्या एका बिलात ४ लिटर ऑइल लावले होते. पुस्तिकेत फिल्टरसह ३.१ लिटर लिहिलेले. मी पुस्तिकेचे पान उघडून मॅनेजरसमोर ठेवले, तेव्हा दोन मिनिटांत बिल दुरुस्त झाले. वाद झाला नाही की आवाज चढला नाही. थानावर ४० मीटरचा शिक्का असला तरी जाणता गिऱ्हाईक कापड मोजून घेतो आणि पन्हाही पाहतो. आपल्याला त्याचा राग येत नाही. मग शोरूमवाल्यालाही येण्याचे कारण नाही.

वॉरंटीची भीती किती खरी?

"बाहेर ऑइल बदलले तर वॉरंटी रद्द होईल," हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते. या प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी एक मोठा निकाल दिला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. बाहेरच्या मिस्त्रीकडे काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने म्हटले. पुढे कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण कोर्टात लांबले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाची सोय सुरू केली. तिच्यात मोटारींचाही समावेश आहे.

असे असले तरी व्यवहार पाहावा. वॉरंटीत इंजिनाचे मोठे काम निघाले तर कंपनी सर्वांत आधी सर्व्हिसची नोंद मागते. त्या वेळी कायद्यावर वाद घालत बसण्यापेक्षा नोंद पूर्ण असलेली बरी. म्हणून वॉरंटी आहे तोपर्यंत ऑइल शोरूममध्येच बदलावे, पण डोळे उघडे ठेवून. वॉरंटी संपल्यानंतर मात्र ही सक्ती राहत नाही.

शोरूममध्ये काय पाहावे?

१. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर जावे. शक्य असेल तर काम होईपर्यंत थांबावे.

२. जॉब कार्डावर कोणती कामे करायची आहेत ते स्पष्ट लिहून घ्यावे. अंदाजे खर्चाचा आकडाही घ्यावा. फोनवर विचारल्याशिवाय जादा काम करू नये, असे त्यावरच लिहावे. कोऱ्या कार्डावर सही करू नये.

३. किलोमीटरचा आकडा आणि इंजिनाजवळील जुन्या फिल्टरचा फोटो काढून ठेवावा. फिल्टरवर पेनने एक खूण करावी. काम झाल्यावर जुना फिल्टर दाखवायला सांगावे.

४. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटे थांबावे आणि डिपस्टिक ओढून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. पेट्रोल गाडीत नवे ऑइल मधासारखे दिसते. डिझेल गाडीत मात्र नवे ऑइलही लवकर काळे पडते, त्यावरून कोणावर आरोप करू नये.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली जमिनीवर ऑइलचा थेंब पडला आहे काय, ते पाहावे.

ऑइल कोणते आणि केव्हा?

डब्यावरील आकडे म्हणजे ऑइलचा पातळपणा. जुन्या गाड्यांत १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे जाड ऑइल चालत असे. आजच्या नव्या लहान पेट्रोल गाड्या ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ इतके पातळ ऑइल मागतात. "जाड ऑइल घाला, इंजिन मजबूत राहील," ही जुनी समजूत या इंजिनांना लागू नाही. डब्यावर एपीआय दर्जाची अक्षरेही असतात. पेट्रोलसाठी एसएन, त्यानंतर २०२० साली आलेला एसपी, अशी ती असतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाला. त्यानंतरच्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राख होणारे खास ऑइल लागते. साधे ऑइल घातले तर हा महाग फिल्टर चोंदतो.

पुष्कळ मोटारींना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलायला सांगितलेले असते. येथे दोन्हीकडून फसगत होते. दर ५,००० किलोमीटरला बदलायला सांगणारा आपला खर्च दुप्पट करतो. उलट गाडी वर्षभरात ४,००० किलोमीटरच चालली म्हणून दोन वर्षे तेच ऑइल ठेवणारा आपले इंजिन खराब करतो. मालाने भरलेला टेम्पो, धुळीचा रस्ता, दुकान ते घर अशा सारख्या लहान फेऱ्या, यांत मुदत कमी धरावी. पुस्तिकेत त्यासाठी वेगळा तक्ता असतो.

मिस्त्री बांधवांसाठी दोन शब्द

आपल्या समाजातील हजारो कारागीर गॅरेजच्या धंद्यात आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून प्रत्येक तालुक्याच्या नाक्यापर्यंत उस्ताद आणि त्यांचे शागीर्द दिसतात. कानाने आवाज ऐकून बिघाड सांगणारा उस्ताद शोरूममध्ये शोधूनही सापडत नाही. तरीही नव्या गाडीचा मालक त्याच्याकडे येत नाही. हुनर कमी आहे म्हणून नव्हे, तर कागद नाही म्हणून. बिल नाही, नोंद नाही, ऑइल बॅरलमधून सुटे. मग गिऱ्हाइकाने भरवसा कशावर ठेवावा?

यावर उपाय महाग नाहीत. गिऱ्हाइकासमोर सीलबंद डबा फोडावा. उरलेले ऑइल त्याला परत द्यावे. रिकाम्या डब्याला भोक पाडावे, म्हणजे तो नकली माल भरणाऱ्याच्या हाती लागणार नाही. तारीख, किलोमीटर, ऑइलचा दर्जा आणि लिटर लिहिलेले छापील बिल द्यावे. नट मापाने आवळण्याचा टॉर्क पाना घ्यावा. जुने ऑइल गटारात ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि तो परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यायचा असतो. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून घ्यावी. शाळा न शिकलेल्या कारागिराच्या हातातील कामाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोयही सरकारच्या कौशल्य योजनेत झाली. मुलांना त्या वाटेने पाठवावे. एवढे केले तर वॉरंटी संपलेली प्रत्येक गाडी त्यांच्या दारात येईल.

बिल, टॅक्स आणि तक्रार

बिल घेणे आपल्याही फायद्याचे आहे. जी.एस.टी.मध्ये नोंद असलेल्या व्यापाऱ्याला माल वाहणाऱ्या टेम्पोच्या दुरुस्तीवर भरलेल्या टॅक्सचे क्रेडिट मिळू शकते. घरच्या किंवा दुकानाच्या साध्या मोटारीवर ते सहसा मिळत नाही. म्हणून दोन्ही बिले वेगळी ठेवावीत.

काम बिघडले तर आधी मॅनेजरला, मग कंपनीला लेखी कळवावे. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात अर्ज करता येतो आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. बिल न देणे हीसुद्धा या कायद्याने अनुचित प्रथा आहे. मात्र एक अडचण लक्षात ठेवावी. गाडी निव्वळ व्यापारी कामाची असेल तर मालकाला या कायद्यात 'ग्राहक' मानले जात नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी टेम्पो चालवणाऱ्याला मात्र सूट आहे.

सारांश असा की, वॉरंटीतील गाडी शोरूमला द्यावी, पण पुस्तिका बरोबर न्यावी. वॉरंटी संपलेली साधी पेट्रोल गाडी बिल देणाऱ्या, सीलबंद डबा फोडणाऱ्या मिस्त्रीकडे बिनधास्त द्यावी. नवी बीएस-६ डिझेल गाडी मात्र योग्य ऑइल आणि तपासणीचे स्कॅनर असेल तेथेच द्यावी, मग ते शोरूम असो वा गॅरेज. आणि प्रत्येक कामाची पावती गाडीच्या एका फाइलमध्ये लावत जावी. गाडी विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्यापुढे ती फाइल ठेवा, भावात फरक पडलेला दिसेल.