टाकीच्या झाकणाशी साचलेले पाणी

मृगाचा पहिला जोरदार पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर एखादा तरी गाडीवाला गोंधळलेला दिसतो. मागच्या बाजूचा छोटा फ्लॅप उघडावा तर आतल्या काळ्या झाकणाभोवती गढूळ पाण्याचे डबके! हे टाकीत तर गेले नसेल? आणि आता झाकण उघडले तर?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे असते. बाहेरचा फ्लॅप पाणी अडवण्यासाठी नसतोच. त्याच्या फटीतून पावसाचे पाणी आत उतरणार हे गाडी बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेले असते. म्हणून झाकणाभोवतीच्या खोलगट वाटीत, अगदी तळाशी, एक बारीक भोक ठेवलेले असते. त्यातून पाणी रबरी नळीने किंवा थेट मागच्या चाकाच्या वरच्या पोकळीत उतरते आणि जमिनीवर गळून जाते. टाकीचे रक्षण करते ते आतले झाकण आणि त्याखालची रबरी चकती. पाणी तुंबले याचा अर्थ एवढाच की ते भोक बुजले आहे.

बुलढाणा जिल्ह्यात ते बुजायला कारणही भरपूर आहे. उन्हाळाभर शेतरस्त्यांवरची काळ्या मातीची पिठासारखी धूळ या वाटीत बसत असते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते. शिवारात उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पावसात मिटतात त्या यामुळेच. भेगा मिटवणारी हीच माती काडीएवढे भोकही सहज मिटवते. त्यात अंगणातल्या कडुनिंबाची दोन-चार वाळकी पाने पडली की बूच पक्के.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. झाकण घट्ट असताना बाहेर उभे असलेले पाणी निरुपद्रवी असते. उघडल्याबरोबर मात्र ते सरळ नळीत ओघळू शकते. त्यामुळे आधी फडक्याने किंवा कापसाने वाटी पूर्ण कोरडी करायची आणि मगच झाकण फिरवायचे. पंपावर मागे रांग असते, हॉर्न वाजतात, तरी हे अर्धे मिनिट घेतलेच पाहिजे.

झाकणाची चकती जुनी, चिरलेली असेल तर पाणी न उघडताही आत जाऊ शकते. मे-जूनमध्ये खामगाव किंवा मलकापूरकडे उन्हात उभ्या गाडीच्या अर्ध्या रिकाम्या टाकीतली हवा ४५ अंशांपर्यंत तापली आणि अचानक आलेल्या सरीने ती २५ अंशांवर आली, तर बंद जागेतल्या त्या हवेचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी घटतो. पेट्रोलची वाफही थिजून पुन्हा पातळ होते, त्यामुळे दाब आणखी उतरतो. टाकी मग बाहेरून हवा ओढू पाहते. आताच्या गाड्यांत त्यासाठी कोळशाच्या डबीतून जाणारी वेगळी वाट असते. ती धुळीने तुंबली तर झाकणातला झडपेचा मार्ग उरतो, आणि तो नेमका पाण्याखाली असतो. बऱ्याच जुन्या दुचाकींत तर श्वास घेण्याची वाटच झाकणातून असते. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे जातानाही असेच घडते. खाली येऊ तशी बाहेरची हवा अधिक दाबाची होत जाते आणि टाकी ती आत घेऊ पाहते.

आत गेलेले पाणी करते काय? पूर्वी उत्तर सोपे होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसायचे. आता पेट्रोलमध्ये ऊस, मका, तांदूळ यांपासून केलेले इथेनॉल असते. २० टक्के मिश्रणाचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला. इथेनॉलची पाण्याशी घट्ट मैत्री आहे. थोडे पाणी ते स्वतःत सामावून घेते आणि इंजिनाला पत्ताही लागत नाही. पण या सामावण्याला मर्यादा आहे. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये ती साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे १० लिटरला सुमारे ५० मिलिलिटर, पोहे खायच्या चमच्याने मोजले तर दहाएक चमचे. २० टक्के मिश्रण त्याहून अधिक पाणी पेलते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. म्हणून पाणी फुलपात्रभर गेले असले तरी तळाचा थर त्याच्या कितीतरी पट मोठा असू शकतो. इंधन ओढणारा पंप तळाशीच असतो, त्यामुळे इंजिनाच्या वाट्याला आधी तोच थर येतो. शिवाय तापमान उतरले की पाणी पेलण्याची ताकद कमी होते. रात्री ठीक चाललेली गाडी पहाटेच्या गारव्यात सुरूच होत नाही, त्यामागचे एक कारण हे असू शकते.

डिझेलला पाण्याची ही मैत्री नाही. तिथे पाणी वेगळेच राहते, पण दुखणी वेगळी. नव्या डिझेल गाड्यांत इंधन हजार-दीड हजार बारपेक्षाही जास्त दाबाने फवारले जाते. त्या नाजूक तोट्या पाण्याने गंजतात. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी व जिवाणू वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ फिल्टर बंद करतो.

भोक उघडायला मेकॅनिक लागतोच असे नाही. झाकण घट्ट लावलेले असतानाच चिखल पुसून काढावा आणि जाड तंगूस हळूच भोकात सरकवावे. खराट्याची काडी नको, ती तुटून आतच राहते. हवेचा जोरदार फवाराही नको. त्याने आतली नळी निसटली तर पाणी पत्र्याच्या पोकळीत जाऊन गंज धरतो. मग अर्धा कप पाणी वाटीत ओतून मागच्या चाकापाशी पाहावे. काही क्षणांत धार पडली पाहिजे. चकतीला ग्रीस किंवा व्हॅसलीन फासण्याची सवय अनेकांना असते. खनिज तेलाच्या अशा पदार्थांनी बरेचसे रबर फुगते. चकती चिरली असेल तर झाकणच बदलावे.

पाणी आत गेलेच आहे अशी खात्री वाटत असेल तर चावी फिरवू नये. इंजिन सुरू न करताही नुसत्या चावीने बऱ्याच गाड्यांत पंप चालू होतो आणि तळाचे पाणी पुढे ढकलतो. टाकी रिकामी करून घ्यावी. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर, जळगाव जामोद भागात आला तसा पूर अंगावरून गेलेल्या गाडीला हा नियम दुप्पट लागू होतो, कारण झाकण पावसासाठी असते, बुडण्यासाठी नाही.

टाकी रिकामी करताना तोंडाने नळी ओढण्याची जी पद्धत आहे, ती मात्र कायमची सोडायला हवी. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ. ठसका लागला की घोटभरही नव्हे, काही थेंबच श्वासनलिकेतून फुप्फुसात पसरतात आणि तिथे रासायनिक न्यूमोनिया होतो. लक्षणे लगेच दिसतील असेही नाही. खोकला, धाप, ताप काही तासांनीही सुरू होऊ शकतात. अशा माणसाला मिठाचे पाणी पाजून उलटी करायला लावणे हा सर्वात वाईट उपाय, कारण उलटी होताना पेट्रोल पुन्हा घशात येते आणि फुप्फुसाला दुसरी संधी मिळते. चूळ भरायला लावावी, पेट्रोल सांडलेले कपडे काढावेत आणि जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे. नळी ओढायची तर हातपंप वीस-पंचवीस लिटरच्या कॅनसाठी मिळतो तसाच, पण इंधनासाठी बनवलेला घ्यावा.

ट्रॅक्टरवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांची टाकी रात्रंदिवस उघड्यावर आणि हरवलेल्या झाकणाच्या जागी अनेकदा प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी. डिझेल फिल्टरखाली पाणी सोडायचा छोटा स्क्रू असतो. पेरणीच्या दिवसांत सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी तो सैल करून काचेच्या ग्लासात थोडे डिझेल घ्यावे. तळाशी वेगळा थेंब गोल फिरताना दिसला, तर आधी टाकीचे झाकण आणायला बाजार गाठावा, पेरणी त्यानंतर.