सिनेमातली बोली ‘डेटा’ म्हणून घेताय?

बोलीभाषेवर संशोधन करायचं ठरवलंत की पहिला मोह सिनेमाचा होतो. संवाद आयते मिळतात, रेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरायला नको. मीही प्रस्तावात तसंच लिहिलं होतं. मग एक साधा प्रश्न आडवा आला : पडद्यावरचा आवाज रेकॉर्ड कुठे झालाय?

समजा, आमच्या सिन्नरला गोंदेश्वर मंदिराच्या आवारात शूटिंग चाललंय. वारा माइकवर आदळतोय, बाहेर हॉर्न वाजतायत. अशा वेळी तिथला आवाज फक्त संदर्भापुरता ठेवतात. पुढे नट स्टुडिओत येतो, हेडफोनवर स्वतःचंच वाक्य ऐकतो. सारख्या अंतराने तीन बीप वाजतात आणि चौथ्याच्या जागी त्याने बोलायला सुरुवात करायची. प, ब, म म्हणताना ओठ मिटलेले पडद्यावर दिसतात, म्हणून ते जागच्या जागी पडावेच लागतात. बाकी ठिकाणी मोकळीक असते. ‘व्हतं’चं ‘होतं’ करून घेतलं तर ओठांवरून सहसा कुणाला कळणार नाही. आणि तुम्ही तर नेमकं तेच मोजायला बसलेले असता!

दुसरी भानगड सुराची. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने आणि वरच्या पट्टीत बोलतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. स्टुडिओच्या शांततेत तो आपोआप होत नाही, नटाला आणावा लागतो. (नट तसाही अभिनयच करतो, हे मान्य. पण इथे अभिनयावर आणखी एक अभिनय चढतो.) कधी तर माणूसच वेगळा असतो : ‘गुलाम’ (१९९८) मध्ये राणी मुखर्जीचा आवाज मोना शेट्टी यांचा आहे.

मग जुने सिनेमे घ्यावेत का? ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मध्ये संवाद चित्रणाच्या वेळीच टिपलेत, मराठीसाठी वेगळे, हिंदीसाठी वेगळे. पण त्यातली भाषा पौराणिक नाटकाची. नंतर आवाज करणारे हलके कॅमेरे आले, बाहेरचं शूटिंग वाढलं आणि डबिंग हाच रिवाज झाला. हिंदीत ‘लगान’ने (२००१) जागेवरचं ध्वनिमुद्रण पुन्हा चर्चेत आणलं; मराठीत ‘कोर्ट’ (२०१४) तसा आहे.

माझ्या तक्त्यात आता प्रत्येक वाक्यापुढे एक जादा रकाना आहे : जागेवरचं की डब? तो भरायला ध्वनिमुद्रकालाच गाठा. सिंक साउंडच्या सिनेमातही चार वाक्यं स्टुडिओतली निघतात.