भर उन्हात पद्मिनी रुसली तर

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण खेड्यात एखाद्या गोठ्याशेजारी ही जुनी गाडी अजून जपलेली आढळते. वैशाखात वऱ्हाड घेऊन निघाली की तिची खोड ठरलेली. चढावर आचके देते, बंद पडते, अन् अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होते. लोक बॅटरीला बोल लावतात. स्टार्टर जोमाने फिरत असेल, तर बिचाऱ्या बॅटरीचा काय दोष?

हिचा पेट्रोल पंप इंजिनालाच लागून असतो. इंजिन फार तापले की पंपात व नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. अशा वेळी गाडी सावलीत लावावी, बॉनेट उघडावे, पंपावर व नळीवर ओले फडके ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. विडी-काडी दूर! रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये. उकळते पाणी उसळून तोंड-हात भाजतात. मुलांना तर जवळ येऊच देऊ नये.

वारंवार असेच होत असेल, तर पंपाचा पडदा तपासून घ्यावा. त्याआधी ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइल वाढलेले दिसले, तर पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असण्याचा संभव मोठा. पातळ ऑइलवर इंजिनाची बेअरिंगे खलास होतात. मग लग्न असो की बाजार, पडदा व ऑइल दोन्ही बदलेपर्यंत गाडी दारातून हलवू नये.